‘लुप्त झाली’ या वाक्यातला कर्ता

स्टेट कॉलेजमध्ये राहायला लागलात की इथल्या मूळ रहिवाशांचे शब्द नकळत तुमच्या तोंडी बसतात. गावाशेजारचा डोंगर निटनी, दक्षिणेकडची नदी ज्युनिएटा, वायव्येकडचं जंगल मोशॅनन आणि या सगळ्या परिसरातलं पाणी शेवटी जिला जाऊन मिळतं ती सस्क्वेहॅना. नावं जागोजागी आहेत, पण ती ठेवणारी माणसं कुठे गेली? पेनसिल्व्हेनियात आज केंद्र किंवा राज्य सरकारने मान्यता दिलेली एकही मूळनिवासी जमात नाही. का नाही, असं विचारलं तर बऱ्याचदा एका शब्दात उत्तर मिळतं: ‘एक्स्टिंक्ट’. मराठीत लिहिताना आपण त्याचं ‘लुप्त’ किंवा ‘नामशेष’ करतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो.

वाचकहो, आज माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे. विज्ञानावर मराठीत लिहिणारे आपण सगळे तो सर्रास वापरतो. डायनोसॉर नामशेष झाले, डोडो नामशेष झाला, अमुक जमात नामशेष झाली, तमुक भाषा लुप्त झाली. सगळीकडे एकच क्रियापद. शाळेत शिकलेलं व्याकरण आठवा. ‘भाषा लुप्त झाली’ या वाक्यात कर्ता कोण? भाषा. क्रियापद अकर्मक. म्हणजे जे झालं ते त्या भाषेचं तिनेच करून घेतलं, दुसऱ्या कुणाचा हात नाही. ऐकायला हे वाक्य शास्त्रीय निरीक्षणासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि त्या चुकीचे परिणाम खरोखरीच्या माणसांना भोगावे लागतात.

डिसेंबर १७६३

ज्यांच्या नावाने सस्क्वेहॅना नदी ओळखली जाते त्या सस्क्वेहॅनॉक लोकांचंच उदाहरण घेऊ. सतराव्या शतकात नदीच्या खालच्या खोऱ्यात त्यांची तटबंदीची मोठी गावं होती आणि कातड्यांच्या व्यापारात त्यांचा दबदबा होता. इंग्रजांनी त्यांना सस्क्वेहॅनॉक म्हटलं, डच आणि स्वीडिश लोकांनी मिंक्वा, फ्रेंचांनी आंदास्त. देवीच्या साथी आणि शेजारच्या हॉडनोशोनी संघाशी झालेल्या लढाया यांनी शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या खूप घटवली. अनेक कुटुंबं सेनेका, कयुगा, ओनायडा यांच्या गावांत सामावली गेली. उरलेले आजच्या लँकेस्टर परगण्यात कॉनेस्टोगा नावाच्या छोट्या वस्तीत राहू लागले. १७०१ साली विल्यम पेनने त्यांच्याशी मैत्रीचा करार केला होता.

१७६३ च्या डिसेंबरात त्या वस्तीत वीस माणसं उरली होती. ती झाडू आणि टोपल्या विणून शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना विकत. १४ डिसेंबरच्या पहाटे ‘पॅक्स्टन बॉइज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र वसाहतवाल्यांनी वस्तीवर हल्ला केला. तेव्हा घरी असलेल्या सहा जणांना त्यांनी मारलं आणि वस्ती जाळली. बाहेर असल्यामुळे वाचलेल्या चौदा जणांना लँकेस्टरच्या अधिकाऱ्यांनी संरक्षणासाठी गावातल्या वर्कहाउसमध्ये ठेवलं. २७ डिसेंबरला जमाव तिथेही शिरला आणि त्याने चौदाही जणांना ठार केलं. त्यांत आठ मुलं होती. शेरीफने मृतांची नावं कागदावर उतरवली आणि वस्तीच्या राखेतून मिळालेल्या वस्तूंची नोंदही केली. त्या वस्तूंत १७०१ च्या कराराचा कागद होता.

एकाही मारेकऱ्यावर खटला चालला नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७६४ च्या सुरुवातीला या हत्याकांडावर एक जळजळीत पुस्तिका काढली. एखाद्या लाल केसांच्या माणसाने गुन्हा केला म्हणून तुम्ही दिसेल त्या लाल केसांच्या माणसाचा सूड घ्याल का, असा त्याचा सवाल होता. त्यानेही काही फरक पडला नाही.

आता ‘सस्क्वेहॅनॉक जमात लुप्त झाली’ हे वाक्य पुन्हा वाचा. तारखा माहीत आहेत, ठिकाण माहीत आहे, मृतांची नावं माहीत आहेत, मारणारे कोण होते तेही माहीत आहे. एवढं सगळं ठाऊक असताना अकर्मक क्रियापद कशासाठी?

शिवाय वाक्य दुसऱ्या अर्थानेही खोटं आहे. जवळच्या एका शेतावर राहणारं मायकेल आणि मेरी हे जोडपं त्या हत्याकांडातून वाचलं. आणि ज्या शेकडो जणांना आधीच हॉडनोशोनी गावांनी सामावून घेतलं होतं त्यांचे वंशज आजही न्यूयॉर्कमध्ये, विस्कॉन्सिनमध्ये, ओक्लाहोमात आणि कॅनडात आहेत. ते फक्त पेनसिल्व्हेनियात नाहीत.

पाच म्हणजे विस्क

त्यांच्या भाषेचं काय झालं? योहानस कंपानियस नावाचा स्वीडिश धर्मोपदेशक १६४३ ते १६४८ या काळात डेलावेअर नदीकाठच्या स्वीडिश वसाहतीत होता. त्याने प्रामुख्याने लेनापे लोकांच्या व्यापारी बोलीत काम केलं, पण जाता जाता सस्क्वेहॅनॉक भाषेचेही शंभरेक शब्द आणि वाक्प्रयोग टिपून ठेवले. ती यादी त्याच्या मृत्यूनंतर १६९६ मध्ये स्टॉकहोमला छापली गेली. एका अख्ख्या भाषेचा आज हाती असलेला मुख्य पुरावा म्हणजे ही यादी.

तेवढ्यावरूनही किती शिकता येतं पाहा. यादीत पाच या संख्येला ‘विस्क’ शब्द आहे. मोहॉक भाषेत पाचाला आजही ‘विस्क’च म्हणतात. दोनला यादीत ‘तिग्गेने’, मोहॉकमध्ये ‘तेकेनी’. आपल्या ‘पाच’ आणि गुजरातीच्या ‘पांच’सारखं हे नातं. दहाला मात्र यादीत ‘आस्सान’ आणि मोहॉकमध्ये ‘ओयेरी’. म्हणजे कुळ एकच, पण भाषा वेगळी. १९८१ साली भाषाशास्त्रज्ञ मॅरिअॅन मिथुन यांनी ही यादी बारकाईने तपासली आणि सस्क्वेहॅनॉक ही इरोक्वियन कुळातली एक स्वतंत्र भाषा होती हे दाखवून दिलं. एका पाद्र्याने सवडीने लिहिलेल्या शंभर शब्दांवरून तीनशे वर्षांनी एवढं निदान करणं हे उत्तम विज्ञान आहे. याच भाषेत त्या आठ मुलांना त्यांच्या आया काय म्हणत असतील, हे मात्र कुठलंही विज्ञान आता सांगू शकणार नाही.

हे क्रियापद आलं कुठून?

भाषेला सजीव मानण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. जर्मन भाषाशास्त्रज्ञ ऑगस्ट श्लायशर यांनी १८६३ साली डार्विनचा सिद्धांत थेट भाषांना लावला. भाषा जन्मतात, वाढतात, म्हाताऱ्या होतात आणि मरतात, असं त्यांचं म्हणणं. भाषांचा ‘वंशवृक्ष’ आपण आजही काढतो, तो त्यांच्यामुळे रुळला. १९९२ मध्ये अलास्कातले मायकेल क्रॉस यांनी संकटात असलेल्या भाषांची तुलना संकटग्रस्त प्राणी-पक्ष्यांशी केली आणि जग खडबडून जागं झालं. या उपमेमुळे पैसा उभा राहिला, ध्वनिमुद्रणं झाली, शब्दकोश निघाले. हे श्रेय नाकारण्याचं कारण नाही.

पण उपमा म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. भाषेला वय नसतं. तमिळ दोन हजार वर्षं जुनी आहे म्हणून थकलेली नाही. माणसं एखादी भाषा मुलांशी बोलायची थांबतात तेव्हा ती थांबते, आणि माणसं उगाच थांबत नाहीत. त्यांना मारलं जातं, हाकललं जातं, त्यांच्या मुलांना उचलून नेलं जातं, किंवा ती भाषा बोलल्याची लाज वाटेल अशी व्यवस्था केली जाते.

या शब्दाचे कायदेशीर परिणामही होतात. मूळनिवासींचे अस्थि-अवशेष संग्रहालयांनी त्यांच्या वंशजांना परत करावेत असा अमेरिकेत १९९० पासून कायदा आहे. हक्क सांगायला मुख्यतः केंद्राची मान्यता असलेली जमात लागते. मग ज्या जमाती ‘लुप्त’ ठरल्या त्यांच्या हाडांचं काय? संग्रहालयांनी त्यांच्यावर ‘सांस्कृतिक ओळख पटवता येत नाही’ असा शिक्का मारला आणि हजारो सांगाडे तीस वर्षं कपाटांत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम आले आणि तो शिक्का रद्द झाला. वंशजांचे हक्क एका वर्गवारीने एवढी वर्षं अडवून धरले होते.

आमच्या विद्यापीठाचा पायाही या इतिहासापासून वेगळा नाही. १८६२ च्या मॉरिल कायद्याने पेनसिल्व्हेनियाला शेतकी महाविद्यालयासाठी ७,८०,००० एकर जमिनीचे हक्कपत्र मिळाले. जमीन इथली नव्हती. इतर राज्यांतल्या जमातींकडून काढून घेतलेली ती जमीन होती. ते हक्कपत्र सुमारे ४,३९,००० डॉलरला विकून पेन स्टेटचा निधी उभा राहिला. २०२० साली ‘हाय कंट्री न्यूज’ने असे सगळे व्यवहार शोधून नकाशावर मांडले. आणि ज्या डोंगरावरून इथल्या संघांना ‘निटनी लायन्स’ नाव पडलं त्याची ‘इंडियन राजकन्या निटनी’ची दंतकथा? ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री शूमेकर या गोऱ्या वृत्तपत्रकाराने पसरवली. खरी माणसं गेल्यावर त्यांच्या जागी अशा सोयीच्या गोष्टी येतात.

शाळा नावाचं हत्यार

लँकेस्टरसारखी हत्याकांडं हा भाषा बंद पाडण्याचा एक मार्ग. दुसरा मार्ग जास्त शांत आणि कितीतरी जास्त परिणामकारक आहे: निवासी शाळा.

स्टेट कॉलेजहून गाडीने दोन तासांच्या आत कार्लाइल लागतं. तिथे १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने ‘कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल’ सुरू केलं. १९१८ पर्यंत १४० हून अधिक जमातींची सुमारे ७,८०० मुलं तिथे आणली गेली. आल्या आल्या केस कापायचे, गणवेश चढवायचा, घरची भाषा बंद. लकोटा लेखक ल्यूथर स्टँडिंग बेअर हे पहिल्या तुकडीत होते. त्यांनी लिहून ठेवलंय की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती आणि त्यांना न समजणाऱ्या त्या रेघांपैकी एकीवर छडी ठेवायला सांगितलं गेलं. छडी ज्यावर पडली ते नाव कायमचं चिकटलं. दीडशेहून अधिक मुलं तिथेच पुरली गेली. २०१७ पासून त्यांचे अवशेष एकेक करून घरी नेले जाताहेत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

ही फक्त अमेरिकेची गोष्ट असती तर ‘गोऱ्यांचा वसाहतवाद’ म्हणून हात झटकता आले असते. म्हणून जरा सायबेरियाकडे चला. ओब नदीच्या खोऱ्यात खांती लोक राहतात. मासेमारी, शिकार आणि रेनडिअर पाळणं हे त्यांचं जगणं. रशियन लोक त्यांना पूर्वी ओस्त्याक म्हणत. ‘खांती’ हे त्यांचं स्वतःचं नाव, आणि त्याचा अर्थ ‘माणसं’. गंमत म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या ‘लेनापे’ या नावातही ‘माणसं’ हाच अर्थ आहे, आणि आपल्या मेळघाटातल्या ‘कोरकू’चाही: ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. खांती भाषेचं दूरचं नातं थेट हंगेरियनशी. माशाला हंगेरियन ‘हल’ म्हणतात, खांती ‘खुल’.

खांतींचा सर्वांत मोठा उत्सव अस्वलाचा. शिकार केलेल्या अस्वलाला पाहुण्यासारखं घरात बसवून त्याच्यापुढे गाणी, नाच आणि सोंगं करतात. नर असेल तर पाच रात्री, मादी असेल तर चार. त्या काळात अस्वलाचं नाव थेट घ्यायचं नाही. त्याच्यासाठी आणि त्याच्या अवयवांसाठी वेगळे आडशब्द आहेत. हे आपल्याला परकं वाटू नये. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणून त्याला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणणारी आणि साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणणारी आजी आपल्यापैकी अनेकांची असेल. जंगलाच्या शेजाराने राहणारी माणसं शब्द जपून वापरतात.

१९३० च्या सुमारास सोव्हिएत सरकारने काझीम नदीकाठी ‘संस्कृती केंद्र’ उभारलं, त्यात निवासी शाळा होती. मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध शाळेत आणलं गेलं, अस्वलाच्या उत्सवांवर आणि शामानांवर बंदी आली, नूम-तो या पवित्र सरोवरावर सरकारी मासेमारी सुरू झाली. खांती आणि शेजारचे नेनेत्स यांनी उठाव केला. १९३४ मध्ये तो बळाने मोडून काढला गेला. येरेमेई आइपिन या खांती लेखकाने पुढे त्यावर कादंबरी लिहिली. मग १९६५ मध्ये सामोतलोर इथे प्रचंड तेलसाठा सापडला. आज रशियाचं सुमारे चाळीस टक्के तेल खांतींच्या नावाच्या प्रांतातून येतं, आणि त्या प्रांतात खांतींची लोकसंख्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. २०१० च्या रशियन जनगणनेत सुमारे ३१ हजार खांती होते. खांती भाषा येते असं सांगणारे दहा हजारांहून कमी.

भांडवलशाही अमेरिका आणि साम्यवादी रशिया, दोघांचे झेंडे वेगळे, पण हत्यार एकच. मूल घरापासून तोडा, त्याला मोठ्या भाषेच्या शाळेत घाला, सुट्टीत परत आलं की आजीशी काय बोलायचं ते त्याला कळणार नाही. दोन पिढ्यांत काम पूर्ण होतं. मग कुणी तरी विश्वकोशात लिहितं: लुप्त झाली.

झोपलेली भाषा

‘लुप्त’ हा शब्द शास्त्रीयदृष्ट्याही टिकत नाही, याचा पुरावा शेजारच्या ओहायोत आहे. मायामिया लोकांना १८४६ मध्ये इंडियानातून बळाने हलवलं गेलं आणि पुढे ओक्लाहोमात पोहोचवलं गेलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलं नाही आणि ती ‘एक्स्टिंक्ट’ म्हणून नोंदली गेली. पण जुन्या मिशनऱ्यांनी केलेल्या नोंदी शिल्लक होत्या. डेव्हिड कोस्टा यांनी त्यांवरून व्याकरण उभं केलं आणि १९९४ मध्ये पीएच.डी. मिळवली. डॅरिल बाल्डविन या मायामिया माणसाने ती भाषा शिकून घेतली, आपल्या घरात मुलांशी बोलायला सुरुवात केली आणि मायामी विद्यापीठात त्यासाठी केंद्र उभं केलं. २०१६ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आज मायामिया मुलं त्या भाषेत खेळतात. त्यांचे लोक म्हणतात, आमची भाषा मेली नव्हती, झोपली होती. डोडोच्या बाबतीत हे कधी ऐकलंय?

प्राण्याची जात गेली की गेली. भाषेचं तसं नसतं, कारण ती माणसांच्या निर्णयाने थांबते आणि माणसांच्या निर्णयाने सुरूही होऊ शकते.

आता मराठी

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता थोडं अवघड जागी येऊ.

परदेशातल्या मराठी मंडळींत ‘मराठी मरतेय’ ही चिंता कायम असते. मुलं घरात इंग्रजीत उत्तर देतात, रविवारच्या मराठी शाळेला यायला कुरकुर करतात. ही हळहळ खरी आहे. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक आहेत. मराठीत विद्यापीठं चालतात, न्यायालयं चालतात, सिनेमे निघतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला तिला अभिजात दर्जाही मिळाला. आपल्या घरातली मराठी आपण निवडीने सैल सोडलेली असते आणि ती हवी असेल तर विमानाच्या एका तिकिटावर मिळते. कार्लाइलच्या मुलांना हे शक्य नव्हतं.

याउलट बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली नावाची भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. कोरकू, मराठी, द्राविडी भाषा यांतून तिने भरपूर शब्द घेतलेत, पण तिच्या मूळ शब्दांचं नातं जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषाकुळाशी जुळत नाही. डच विद्वान कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्येही तिच्यावर काम झालंय. युरोपात बास्क भाषेचं जे स्थान, ते भारतात निहालीचं. भारतीय उपखंडात आर्य, द्रविड, मुंडा भाषा पसरण्याआधी काय बोललं जात होतं याचा धागा कदाचित तिच्यात असेल. आणि ही भाषा महाराष्ट्रात आहे, हे किती मराठी माणसांना ठाऊक आहे?

जनगणनेलाही ती दिसत नाही. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलत असलेल्या भाषा वेगळ्या छापल्या जात नाहीत, त्या ‘इतर’ या रकान्यात जातात. अमेरिकी संग्रहालयांच्या ‘ओळख पटवता येत नाही’ या शिक्क्याचा हा आपला भाऊच.

त्या गावांतली मुलं शाळेत जातात तेव्हा शाळेची भाषा मराठी असते. मेळघाटातल्या कोरकू मुलांची आणि गडचिरोलीतल्या गोंड-माडिया मुलांचीही तीच. म्हणजे स्टेट कॉलेजमध्ये मराठी ही छोटी, जपायची भाषा आहे, आणि सातपुड्यात तीच मराठी मोठी, गिळणारी भाषा आहे. एकाच भाषेच्या या दोन भूमिका आपण एकत्र पाहायला शिकलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आश्रमशाळेची कार्लाइलशी तुलना अन्यायाची आहे. बरोबर. आपल्याकडे मुलांना बंदुकीच्या धाकाने नेलं नाही. आश्रमशाळांनी हजारो आदिवासी मुलांना शिक्षण, जेवण आणि पुढे नोकऱ्या दिल्या. तिथे आयुष्य घालवलेल्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. पण परिणाम हेतूवर ठरत नाही. पहिलीतल्या मुलाला न समजणाऱ्या भाषेत धडा वाचून दाखवला तर शिक्षकाच्या मनात कितीही माया असो, मुलाला कळतं ते एवढंच की आपल्या घरी जे बोलतात ते इथे चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. ‘निहाली शिकून नोकरी मिळते का? परदेशात बसून दुसऱ्यांच्या मुलांना मागे ठेवायला सांगू नका.’ पण कुणी निवड करायला सांगतच नाहीये. घरच्या भाषेत वाचायला शिकलेलं मूल दुसरी भाषाही चांगली शिकतं, हा मुद्दा कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला आणि त्यानंतर तो अनेक देशांत तपासला गेला. आपण स्वतः आपल्या मुलांना दोन भाषा देण्यासाठी रविवार खर्च करतो आणि त्याने मेंदू तल्लख होतो असं एकमेकांना सांगतो. मग कोरकू मुलाला दोन भाषा झेपणार नाहीत असं का मानतो?

हे निव्वळ तत्त्वाचं बोलणं नाही. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासनाची मान्यता नाही म्हणून २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती बेकायदा ठरवणारी नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. नियमाला अर्थ असतो, हे मान्य. पण ज्या गोंडीचे भारतात जवळपास तीस लाख बोलणारे आहेत, तिची शाळा लोकांनी स्वतः काढली तर राज्याने आधी काय विचारावं? मान्यतेचा कागद कुठे आहे हे, की तुम्हाला पुस्तकं आणि शिक्षक हवेत का हे?

आपण इथे बसून काय करू शकतो? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, लिहिण्याबोलण्यातली. माणसांबद्दल आणि भाषांबद्दल ‘लुप्त झाली’ लिहू नका. कुणी, कधी, कशी बंद पाडली ते लिहा. वाक्य लांबेल, लांबू द्या. माहिती नसेल तर ‘आता बोलली जात नाही’ एवढं पुरे.

दुसरी, मुलांसाठी. शाळेतून ‘नेटिव्ह अमेरिकन’ प्रकल्प आला की पिसांचा टोप चिकटवून मोकळे होऊ नका. तुम्ही राहता तिथे कोण राहत होतं आणि ते लोक आज कुठे आहेत, हे दोन्ही शोधायला लावा. लेनापेंचा बोलता शब्दकोश इंटरनेटवर फुकट ऐकता येतो. त्यातले आवाज खऱ्या आजी-आजोबांचे आहेत.

तिसरी, पैशाची. आपली मंडळं आणि आपण व्यक्तिशः आदिवासी भागातल्या शाळांना देणग्या देतो. वर्गखोल्या, संगणक, सौर दिवे. द्याच. पण पुढच्या वेळी धनादेशाआधी एक प्रश्न विचारा: पहिली-दुसरीच्या मुलांसाठी त्यांच्या घरच्या भाषेत तुमच्याकडे काय आहे? गोष्टीचं पुस्तक, अंकलिपी, ती भाषा बोलणारी गावातली एक ताई? नसेल तर त्यासाठी पैसे द्यायची तयारी दाखवा. संगणकापेक्षा ते स्वस्त पडेल.

सस्क्वेहॅनॉक भाषेसाठी कंपानियसच्या यादीपलीकडे आता काही करता येणार नाही. निहालीत आजही आया मुलांना हाका मारतात. त्या थांबल्या तर पुढच्या शतकातला कुणी तरी विज्ञानलेखक लिहील की महाराष्ट्रात निहाली नावाची एक भाषा होती, ती लुप्त झाली. ते वाक्य मराठीत लिहिलेलं असेल. तेव्हा त्यातला खरा कर्ता कोण, हे विचारणारं कुणी असेल का?